शॉवरच्या काचेखालून पाणी बाहेर येतं, दोनदा सिलिकॉन मारूनही थांबत नाही. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की ॲल्युमिनियमच्या चौकटीतली काच आहे आणि दोन्ही वेळा आतल्या बाजूने तळाला सिलिकॉन भरलं. माझ्या मते घोळ तिथेच आहे.

चौकटीत थोडं पाणी शिरतंच. काच आणि रबर यांच्या फटीतून, कोपऱ्यातल्या जोडातून ते खालच्या चॅनलमध्ये उतरतं. तिथून ते आतल्याच बाजूला, फरशीवर परत यायला हवं. बऱ्याच चॅनलना त्यासाठी आतून बारीक भोकंही असतात. आपण आतून सगळं लिंपून टाकलं की परतीची वाट बंद होते, चॅनल तुंबतं आणि पाणी बाहेरच्या अंगाने झिरपायला लागतं. म्हणून चौकट असेल तर तळाचं सिलिकॉन बाहेरून मारायचं, आतून नाही. मीही एकदा खबरदारी म्हणून दोन्ही बाजू बुजवल्या होत्या. गळती वाढली आणि आत कोंडलेल्या पाण्याने काळी बुरशी धरली ती वेगळीच. (चौकट नसलेली, थेट फरशीवर टेकवलेली काच असेल तर हा नियम नाही, तिथे काचेखाली आणि दोन्ही अंगांनी सिलिकॉन चालतं.)

काही उकरायच्या आधी पाणी नेमकं कुठून येतंय ते बघा. सगळं कोरडं पुसून बाहेरून सांध्याला लागून टिश्यू पेपर पसरा. शॉवर लावू नका. आधी मगाने फक्त तळाशी पाणी ओता आणि दहा मिनिटं थांबा. मग भिंतीकडच्या उभ्या सांध्यावर, मग दारावर. कागद कधी आणि कुठे भिजला यावरून जागा कळते.

आता खरं कष्टाचं काम: जुनं सिलिकॉन काढणं. नवं सिलिकॉन जुन्यावर नीट चिकटत नाही, त्यामुळे वरून आणखी एक थर देणं फुकट. कटरने दोन्ही कडा कापा, पट्टी ओढून काढा, उरलेला चिकट थर पात्याने खरवडा, शेवटी स्पिरिटने पुसा. मग निदान एक दिवस तिथे अंघोळ बंद. घरचे कुरकुर करतील, पण ओल्या सांध्यावर मारलेलं सिलिकॉन काही दिवसांत सोलून येतं. माझं पहिलं काम असंच वाया गेलं.

ट्यूब घेताना बाथरूमसाठीचं, बुरशीरोधक, न्यूट्रल सिलिकॉन मागा. व्हिनेगरसारखा वास येणारं साधं सिलिकॉन धातूला आणि संगमरवराला त्रास देतं. पांढरं सिमेंट या सांध्यात नको. काच आणि चौकट किंचित हलतात, त्याला तडे जातात.

सांध्याच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा, नोझल तिरकं कापा आणि मध्ये न थांबता एका दमात पट्टी ओढा. साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट एकदाच फिरवा. पुन्हा पुन्हा गिरवलं की बिघडतं. वर साय धरायच्या आत टेप काढा. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने बाहेरून आत वाळतं, साधारण दिवसाला 2 ते 3 मिलिमीटर. हाताला कोरडं लागलं म्हणून लगेच शॉवर लावू नका, 24 तास तरी द्या. जाड भरलं असेल तर त्याहून जास्त.

कागद दाराखालीच भिजला, तर सिलिकॉनचा संबंध नाही. दाराच्या तळाची पारदर्शक पट्टी पिवळी पडून कडक झाली असेल तर बदला. काचेची जाडी मोजून न्या, आणि बसवताना तिरकी पाकळी शॉवरच्या बाजूला येऊ द्या. उलटी बसली की तीच पाणी बाहेर काढून देते.

एवढं करूनही दाराशी पाणी साचत असेल, तर मग भर टाकून फरशीचा उतार जाळीकडे करून घ्यावा लागेल. ते मात्र गवंड्याचं काम.