पाचव्या महिन्यातील धाप, भोवळ आणि उतरलेले हिमोग्लोबिन

पाचव्या महिन्यात पोट फारसे दिसत नसतानाही जिना चढताना धाप लागते, एकदम उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते आणि हिमोग्लोबिन १२ वरून १०.८ वर आले आहे, असे आपण लिहिले आहे. हे बदल सुरळीत गर्भारपणातही होतात आणि त्यांचे कारण पोटाच्या आकारापेक्षा रक्तात व संप्रेरकांत अधिक असते.

आईच्या शरीरातील रक्त पहिल्या तिमाहीपासूनच वाढू लागते आणि ३२ ते ३४ आठवड्यांपर्यंत ते सुमारे ४० ते ५० टक्क्यांनी वाढलेले असते. त्यातील पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, तांबड्या पेशींपेक्षा जास्त वाढतो; त्यामुळे पेशींची एकूण संख्या वाढूनही तपासणीत हिमोग्लोबिन कमी भरते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना दुसऱ्या तिमाहीत १०.५ च्या खाली, तर पहिल्या आणि तिसऱ्या तिमाहीत ११ च्या खाली हिमोग्लोबिन गेल्यास रक्तक्षय मानते. तपासणीनंतर नुसता आकडा सांगितला जातो, त्यामागचे कारण सांगितले जात नाही, आणि गर्भवतीच्या मनात विनाकारण भीती बसते, याचे मला फार वाईट वाटते. मात्र १०.८ चालते म्हणून लोहाच्या गोळ्या थांबवू नयेत, कारण बाळाची, वारेची आणि वाढत्या पेशींची लोहाची गरज खरीच असते. या गोळ्यांनी शौचाला काळे होते, त्याने घाबरू नये.

धाप लागते ती मुख्यतः प्रोजेस्टेरॉनमुळे. हे संप्रेरक मेंदूतील श्वसनकेंद्राला चालना देते, श्वासांची संख्या फारशी न वाढता प्रत्येक श्वास खोल होतो आणि आपल्याला हवा अपुरी पडल्यासारखी वाटते. त्याच्याच प्रभावाने रक्तवाहिन्या सैलावतात, मधल्या महिन्यांत रक्तदाब थोडा उतरतो, आणि म्हणून भोवळ येते. अंथरुणातून उठताना आधी कुशीवर वळून क्षणभर बसावे. पुढे गर्भाशय जड झाल्यावर उताणे झोपल्यास पोटातील मोठ्या नीलेवर दाब पडतो, तेव्हा कुशीवर झोपणे उत्तम. जळजळ आणि बद्धकोष्ठता यांतही प्रोजेस्टेरॉनचा मोठा वाटा आहे. पोटावरची काळसर रेघ निरुपद्रवी असते.

स्वस्थ बसलेले असतानाही धाप लागणे, छातीत दुखणे, शुद्ध हरपणे, न थांबणारी डोकेदुखी, नजर धूसर होणे, चेहऱ्यावर अचानक सूज, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, तळहात-तळपायांना तीव्र खाज, किंवा जाणवू लागलेली बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही झाल्यास पुढच्या तपासणीची वाट न पाहता त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे.