दीड किलो वजनात चांदी किती?

प्रश्न : मी दादरला राहते. पाच लाखांची एफडी पुढच्या महिन्यात सुटतेय. मुलगी अकरावीत आहे, दोन वर्षांनी इंजिनीअरिंगची फी भरायची आहे. यजमानांना जुन्या चांदीच्या बार-सामानाचा नाद आहे. कुलाब्यातलं एक कुटुंब घर आवरतंय. शेकर, ट्रे, ओपनर, फ्लास्क, पेगची मापं असं सगळं मिळून दीड किलो, 3 लाख 80 हजारांना देतायत. हे म्हणतात, चांदी वाढतेच आहे, ही गुंतवणूकच झाली. घ्यावं का?

उत्तर : सगळा लॉट घेऊ नका. यजमानांची निवड वाईट नाही, हिशोब चुकलाय.

तुम्ही पाठवलेले फोटो मोठे करून पाहिले. शेकरच्या आणि ट्रेच्या बुडाशी ‘ईपीएनएस’ असा छाप आहे. म्हणजे तांबं, निकेल आणि जस्ताच्या मिश्रधातूवर चांदीचा मुलामा. शेकर 640 ग्रॅम, ट्रे 380 ग्रॅम. झवेरी बाजारात याला चांदीचा भाव कोणीही देणार नाही. ओपनर आणि कॉर्कस्क्रू मिळून 240 ग्रॅम. त्यांच्या मुठी वरून चांदीच्या दिसतात, पण अशा मुठी बहुधा पातळ पत्र्याच्या असतात आणि आत राळ भरलेली असते. उरले 240 ग्रॅम. ते स्टर्लिंग, म्हणजे 92.5 टक्के धरले तरी शुद्ध चांदी 222 ग्रॅम. त्या दिवशीच्या भावाने गुणून बघा. मोडीत विकायला गेलात तर घट कापतील ती वेगळी.

बाकीचे पैसे हौसेचे आहेत. हौसेला भाव नसतो असं नाही, गिऱ्हाईक मात्र शोधावं लागतं. चांगलं गिऱ्हाईक लंडन-न्यूयॉर्कच्या लिलावांत, आणि तिथेही अडचण आहे. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षं जुनी कलावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. 1930 च्या आसपासची वस्तू आज चालेल, पण थोड्याच वर्षांत तीही त्या कायद्यात येईल. मग उरतो चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटचा दुकानदार, आणि तो विकताना काय सांगतो नि घेताना काय देतो हे यजमानांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.

‘चांदी वाढतेच’ याबद्दल. 2011 मध्ये औंसाला 50 डॉलरच्या जवळ गेलेली चांदी 2015 अखेर 14 डॉलरच्या आसपास आली होती. फीची तारीख ठरलेली असताना असा धोका नको. त्यामुळे पाच लाख पुन्हा एफडीतच ठेवा, फक्त मुदत प्रवेशाच्या महिन्याआधी संपेल अशी निवडा. पुढे कधी चांदीत पैसे घालायचेच असतील तर सिल्व्हर ईटीएफ आहे, म्हणजे चांदीच्या भावाबरोबर चालणारा, शेअर बाजारात घेता-विकता येणारा फंड. त्याला पॉलिश लागत नाही, लॉकरही नको.

आता ते अंगुस्तानाच्या, म्हणजे शिवताना बोटात घालायच्या टोपीच्या आकाराचं माप. त्यावर ‘जस्ट अ थिंबलफुल’ (फक्त अंगुस्तानभर) कोरलंय, शेजारी सिंह आणि जहाजाचा नांगर. सिंह म्हणजे स्टर्लिंग, नांगर म्हणजे बर्मिंगहॅमचा छाप. बाजूच्या अक्षरावरून साल निघतं. छाप अजून ठसठशीत आहेत, फार घासलेले नाहीत, आणि संग्राहक पैसे मोजतात ते याचेच. (आपल्या 30 मिलीच्या पेगशी ते जुळेलच असं नाही, पण यजमानांना त्याची फिकीर नसावी.) हे एक माप घ्यायला माझी हरकत नाही, फक्त पैसे एफडीतून नकोत. यजमानांच्या बोनसमधून किंवा दरमहा हौसेसाठी बाजूला काढाल त्यातून घ्या. वजन समोर करून घ्या, टंच (चांदीची शुद्धता) काढून घ्या, आणि वजन-वर्णन लिहिलेली सहीची पावती मागा. पुढे विकताना करासाठी खरेदीची किंमत दाखवावी लागली तर तोच कागद उपयोगी पडेल. घरी आणल्यावर त्याला रबरबँड लावू नका, रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते.

‘सुटं देणार नाही, सगळंच घ्या’ असं ते म्हणाले, तर चहा घ्या आणि परत या.