ऑफिसच्या ईमेलमध्ये प्रुडंट, ज्युडिशियस आणि सेन्सिबल यांपैकी कोणता शब्द कधी वापरायचा?

तिन्ही शब्द समंजसपणाचेच, पण रोख वेगळा.

प्रुडंटची नजर पुढच्या धोक्यावर असते. त्याचं लॅटिन मूळही 'आधीच पाहणं' या अर्थाचं. म्हणून पैसा, कर्ज, करार अशा विषयांत तो चपखल बसतो. आपल्या फोर्टमधल्या रिझर्व्ह बँकेचे कर्जवर्गीकरणाचे आणि बुडीत कर्जासाठी तरतूद करायला लावणारे नियम 'प्रुडेन्शियल नॉर्म्स' म्हणूनच ओळखले जातात. क्लायंटला 'इट वुड बी प्रुडंट टु कीप सम कॅश असाइड' लिहा, अगदी योग्य वाटेल.

ज्युडिशियस म्हणजे तारतम्याने केलेलं: किती, कुठे, केव्हा याचा विचार करून. हा शब्द माणसापेक्षा वापर, निवड, खर्च यांना जास्त शोभतो. पाणीकपातीच्या दिवसांत सोसायटीच्या नोटिशीत 'ज्युडिशियस यूज ऑफ वॉटर' हवं. तिथे ज्युडिशियल लिहू नका, तो शब्द हायकोर्टाच्या कामकाजाचा. ही गल्लत फार दिसते आणि अर्थच बदलतो.

सेन्सिबल साधा, बोलण्यातला. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच दिवशी असेल तर ऑफिसमधून लवकर निघणं 'सेन्सिबल'. सहकाऱ्याला लिहिताना मी हाच वापरेन, उगाच भारदस्त शब्द कशाला? फक्त सेन्सिटिव्हशी गोंधळ नको, तो हळवेपणाचा.

आणि साहेबांचं कौतुक करताना 'श्रूड' टाळाच. त्यात हुशारीबरोबर स्वतःचा फायदा साधण्याची छटा येऊ शकते.