लिक्विड-कूल्ड एटीव्ही (वाळूत चालणारी चार जाड चाकांची गाडी) रस्त्यावर ठीक चालते, पण किनाऱ्यावर पर्यटकांच्या फेऱ्यांत वाळूत पाव तासात गरम होते. मिस्त्रीने थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरकडे वाट देणारी झडप) काढला तरी तेच. हेड गॅस्केट गेलं असेल का?

बहुतेक नाही. निदान तुम्ही लिहिलंय त्यावरून तरी नाही. डांबरी रस्त्यावर गाडी बिनतक्रार पळते आणि किनाऱ्यावर पर्यटकांच्या फेऱ्या सुरू झाल्या की तापमानाचा लाल दिवा लागतो, ही तुमच्या प्रश्नातली सगळ्यात कामाची ओळ आहे. गॅस्केट, म्हणजे इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील, उडालेली गाडी सहसा असा भेदभाव करत नाही. उलट रस्त्यावर जोरात पिळली की ती आधी बोंबलते. मी किनाऱ्यावरच्या अशाच गाड्यांची कामं करतो. गाडी तापली की 'गॅस्केट गेलं' हे निदान इतकं सर्रास ऐकतो की आता ते ऐकलं की मी आधी पंख्याकडे बघतो.

रस्त्यावर चाळीसच्या वेगाने जाताना समोरून येणारा वाराच रेडिएटर थंड ठेवतो. पंखा बंद पडलेला असला तरी तिथे कळत नाही. मऊ वाळूत वेग दहा-पंधरा, दोन माणसं बसलेली, इंजिन मात्र चढणीवर असल्यासारखं राबतंय. दुपारी समुद्रावरचा वारा पाठीमागून असला तर रेडिएटरला समोरून हवा जवळजवळ शून्य. अशा वेळी सगळी भिस्त पंख्यावर आणि रेडिएटरच्या जाळीवर.

म्हणून सुरुवात पंख्यापासून. गाडी मोकळ्या जागेत न्यूट्रलला चालू ठेवा आणि तापू द्या. दिवा लागायच्या आधी पंखा फिरायला हवा. बऱ्याच गाड्यांत तो ९० ते १०० अंशांच्या आसपास सुरू होतो, नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये मिळेल. दिवा लागला तरी पंखा गप्प असेल तर गाडी लगेच बंद करा, फ्यूज बघा, आणि पंख्याचा कनेक्टर सोडवून त्याला थेट १२ व्होल्टची बॅटरी द्या. फिरला तर मोटर चांगली आहे. दोष रिले, वायरिंग किंवा तापमान ओळखणाऱ्या स्विचमध्ये. जुन्या पद्धतीचा दोन वायरींचा थर्मोस्विच असेल तर त्या दोन वायरी एकमेकींना जोडून पंखा फिरतो का बघता येतं. ईएफआय (इलेक्ट्रॉनिक फ्यूएल इंजेक्शनच्या) गाडीत सेन्सरच्या वायरींशी हा खेळ करू नका.

पंखा फिरतोय म्हणून मात्र लगेच सोडू नका. खाऱ्या हवेत कनेक्टरच्या आत हिरवट बुरशीसारखा थर चढतो. पंखा फिरतो, पण रडतखडत. इंजिन चालू असताना, पंखा फिरत असताना त्याच्या कनेक्टरवर मल्टीमीटर लावा. बॅटरीवर तेरा-साडेतेरा व्होल्ट आणि पंख्यावर नऊ-दहाच पोचत असतील तर चोर वायरिंगमध्ये आहे. दुसरं, रेडिएटरच्या समोरच्या बाजूला वर्तमानपत्राचा कागद धरा. तो जाळीला चिकटायला हवा. उडून तुमच्याकडे आला तर कुणीतरी मोटर बदलताना वायरी उलट जोडल्यात आणि पंखा हवा पुढे फेकतोय.

आता जाळी. समोरून बघून 'स्वच्छ आहे' म्हणू नका. पंखा सोडवून बाजूला घ्या, मागून टॉर्च मारा आणि समोरून बघा. उजेड सगळीकडून सारखा आला पाहिजे. किनाऱ्यावरच्या गाड्यांत खालचा भाग हमखास काळा दिसतो: ओली वाळू, त्यावर ऑइलचा ओलावा, त्यावर पुन्हा धूळ, आणि पंख्याच्या आवरणाआड ते कुणाला दिसत नाही. धुवायचं ते इंजिनच्या बाजूने पुढे, साध्या नळाच्या पाण्याने, हळू. वॉशिंग सेंटरची प्रेशर गन जवळून मारली की पातळ पत्ती आडवी होते आणि आहे ती वाटही बंद होते. धुऊन झाल्यावर पत्तीला नख लावून बघा. पांढरी भुकटी होऊन गळत असेल तर मिठाने ती खाल्ली आहे, धुऊन उपयोग नाही, रेडिएटर बदला. नवा टाकल्यावर संध्याकाळी फेऱ्या संपल्या की गोड्या पाण्याने धुवायचा, उद्यावर ढकलायचं नाही.

हे सगळं नीट निघालं तर कूलंटकडे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाकडे, वळा. इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. आतलं उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. झाकणाला लोक किंमत देत नाहीत, पण इथे तेच महत्त्वाचं. अर्धं कूलंट, अर्धं पाणी हे मिश्रण मोकळ्या हवेत साधारण १०७ अंशांना उकळतं, १.१ बारचं झाकण दाब धरून असेल तर ते १२५ च्याही पुढे जातं. रबर फाटलेलं झाकण म्हणजे हा सगळा फायदा गेला. झाकणात दुसरी एक छोटी झडप असते, ती गाडी गार होताना जादा कूलंटच्या बाटलीतलं कूलंट परत आत ओढून घेते. सकाळी गार गाडीचा होज आत चेपलेला दिसला किंवा बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा असेल, तर झाकणावर संशय घ्या.

पाणी कुठलं घालता? किनाऱ्यालगतच्या विहिरीचं किंवा बोअरचं मचूळ पाणी अ‍ॅल्युमिनियमचा जीव घेतं. दुकानातलं मिनरल वॉटरसुद्धा नको, त्यात खनिजं असतात हे नावातच आहे. बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटर मिळतं, ते वापरा. जुनं कूलंट रिकामं करताना बादलीत उघडं ठेवू नका. ते चवीला गोड आणि विषारी असतं, कुत्री पितात.

थर्मोस्टॅट परत बसवा. तो काढून फायदा झाला नाही, यावरून तो दोषी नव्हता एवढं बहुधा कळलं. त्याच्याशिवाय इंजिन नीट तापत नाही, ईएफआय गाडी जास्त पेट्रोल ओतत राहते, आणि काही इंजिनांत बायपासची वाट उघडी राहून कूलंट रेडिएटरला वळसा घालून फिरतं. बसवण्याआधी पातेल्यात पाणी घेऊन तो त्यात दोऱ्याने टांगा, थर्मामीटर ठेवा आणि तापवा. त्याच्यावर छापलेल्या आकड्याच्या आसपास उघडायला लागला पाहिजे.

आणि मिस्त्रीने थर्मोस्टॅट काढल्यावर सिस्टिममधली हवा काढली होती का, हे विचारा. गाडीचं तोंड उंचावर करा, वरचा एअर स्क्रू ढिला करून बुडबुड्याशिवाय धार येईपर्यंत कूलंट भरा. कूलंट फिरवणाऱ्या पंपाच्या खालचं छोटं भोकही बघा. तिथून कूलंट ठिबकत असेल तर पंपाचं सील गेलं, ऑइल येत असेल तर ऑइल सील.

तोवर वाळूत हाय नाही, लो गिअर वापरा. त्याच वेगाला इंजिन जास्त फिरतं, त्यामुळे पंपही जास्त फिरतो, आणि बेल्टही वाचतो.

एवढं करूनही तापलीच, तर गॅस्केट तपासायचं, तेही इंजिन न उघडता. ऑइल दुधी झालंय का, गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो का, आणि गार गाडी झाकण काढून सुरू केली की रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे न थांबता येत राहतात का, ते बघा. चांगल्या गॅरेजमध्ये निळ्या द्रवाची ब्लॉक टेस्ट असते. रेडिएटरमध्ये जळलेला गॅस येत असेल तर पेट्रोल गाडीत तो द्रव पिवळा होतो. झाला, तरच हेड उघडायला सांगा, आणि नुसतं नवं गॅस्केट चढवू देऊ नका: हेडवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने (पातळ पत्त्यांच्या मापाने) ते वाकलंय का मोजायला लावा, तुम्ही समोर उभे असताना.