गणित सदतीस मिनिटांचं, तिकीट तासाचं

प्रश्न : काका, मुलगी अंधेरीला असते. म्हणते, "बाबा, रात्रभर रेल्वेत अवघडून येऊ नका, विमानानं या." नकाशावर पट्टी ठेवून मोजलं तर कोल्हापूर ते मुंबई 310 किलोमीटर भरलं. विमान तासाला 500 जातं म्हणतात. म्हणजे 37 मिनिटं. मग तिकिटावर तास कशाला लिहितात?
– एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : पट्टी बरोबर ठेवलीत, भागाकारही चोख. पण विमान काही पट्टीवरून जात नाही.

मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. मध्यवर्ती बसस्थानकाच्या खिडकीशी असा भागाकार करून भांडणारे प्रवासी रोज यायचे. "गाडी ऐंशीनं पळते, मग पुण्याला तीन तासांत का पोचत नाही?" अहो, फलाटावरनं निघून तावडे हॉटेलला हायवेला लागेपर्यंतच जीव जातो, तो वेळ कोण धरणार?

विमानाचंही तेच. तिकिटावरचा वेळ उजळाईवाडीला चाकाखालचे ठोकळे काढले की सुरू होतो आणि मुंबईत पुन्हा ठोकळे लावले की संपतो. धावपट्टीच्या टोकाला जाणं, परवानगीची वाट बघणं, सगळं त्यात आलं. शिवाय 500 चा वेग वर गेल्यावरचा. चढताना तेवढा नसतो आणि उतरायच्या बरंच आधी तो कमी करत आणतात. एवढ्याशा अंतरात पूर्ण वेगानं पळायला मिळतं ते मधल्या तुकड्यातच.

खरी गंमत मुंबईच्या डोक्यावर. तिथं धावपट्ट्या दोन, पण एकमेकींना छेदणाऱ्या. त्यामुळं एका वेळी एकच वापरायची. गर्दी असली की विमानं आभाळात रांग लावतात. त्यात बहुतेक विमानं घाटकोपरच्या बाजूनं, पश्चिमेकडं तोंड करून उतरतात. आपण जातो दक्षिणेकडून, म्हणजे वळसा आलाच. तुमचे 310 तिथंच वाढतात.

गेल्या दिवाळीत पुतण्याकडं गेलो तेव्हा सवयीनं घड्याळ लावून बसलो होतो. विमान जागचं हललं तिथपासून चाकं टेकेपर्यंत 58 मिनिटं, त्यात एक गिरकी. टेकल्यावर जिना लागेपर्यंत आणखी 11. शेजारचा गडी दार उघडायच्या आधीच उभा राहून बॅग काढत होता. एसटीतलीच माणसं ती, वर गेली म्हणून बदलतात होय?

तुमच्या कामाचा हिशेब मात्र घरापासून घरापर्यंतचा करा. शाहूपुरीतून रिक्षानं अर्धा तास, दीड तास आधी हजेरी, उड्डाणाचा तास, मग सामान घेऊन टॅक्सी. अंधेरी विमानतळाला लागूनच आहे, तेव्हा चार तासांत लेकीच्या दारात. रस्त्यानं पावणेचारशेच्या वर किलोमीटर, आठ तास धरा. रेल्वे तर मिरज, पुणे करत 518 किलोमीटर फिरून जाते, म्हणून अख्खी रात्र खाते.

पोरगी बरोबर म्हणतेय, जावा. फक्त कांदा-लसूण मसाल्याचा डबा हातातल्या पिशवीत ठेवू नका. तिखट आत नेऊ देत नाहीत. मोठ्या बॅगेत, दोन पिशव्यांत गुंडाळून टाका. माझ्या पुतण्याच्या वाट्याचा अर्धा माझ्या धोतरानं खाल्ला.