बाबांना शुगर निघाली, पण ट्रक सोडायला तयार नाहीत. तब्येत कशी सांभाळावी?

ताई, तुमचे बाबा १४ वर्षांपासून यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीकडून कोळसा वाहतात, मागच्या महिन्यात शुगर निघाली आणि 'गाडी सोडा' म्हटलं की ताटावरून उठून जातात, असं तुम्ही लिहिलंय. मी याच पट्ट्यात २२ वर्षं ट्रक चालवतो. ९ वर्षांपासून मलाही शुगर आहे. गाडी सोडायचा विषय सध्या राहू द्या. ते घरी आले की आधी त्यांचे पाय पाहा.

पाय काहून, ते सांगतो. शुगरने पायाच्या नसा हळूहळू बधिर होतात. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर, आणि जुन्या गाडीत इंजिनची गरमी थेट पायाशी. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या जड ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली, पण बाबांची गाडी त्याआधीचीच असणार. मी रबरी चपलेवर गाडी चालवायचो. एकदा घरी पाय धुताना बायको ओरडली. डाव्या टाचेला रुपयाएवढा फोड फुटून चिघळला होता आणि मला काहीच दुखलं नव्हतं. ती जखम भरायला अडीच महिने गेले. तेव्हापासून सुती मोजे, बंद बूट, आणि रोज रात्री लहान आरसा धरून मोबाईलच्या टॉर्चने तळवे पाहतो. बोटांच्या बेचक्यासुद्धा.

दुसरं जेवणाचं. डॉक्टर सांगतात वेळेवर जेवा, पण खाणीवर नंबर कधी लागेल याचा भरवसा नसतो. शुगरच्या काही गोळ्या घेऊन पोट रिकामं राहिलं, तर शुगर एकदम खाली येते. दरदरून घाम, हात थरथरणं, डोळ्यांपुढे अंधारी. तशी गोळी कोणती, हे डॉक्टरांना विचारून त्या पाकिटावर पेनने खूण करा. ती जेवण समोर आल्यावरच घ्यायची. खिशात तीन चमचे साखरेची पुडी हवीच. तसं वाटलं की गाडी बाजूला लावून साखर खायची, १५ मिनिटांनी काहीतरी पोटात घालायचं, आणि पूर्ण बरं वाटल्यावर आणखी पाऊण तासाने निघायचं. डब्यात दोन ज्वारीच्या भाकरी, जवसाची चटणी, फुटाणे द्या. रांगेत १० तास गेले तरी हे खराब होत नाही.

लघवीला थांबावं लागू नये म्हणून पाणी कमी पिणारे पुष्कळ आहेत. बाबांना तसं करू देऊ नका.

खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, सोडणं मला सगळ्यात जड गेलं. गाडीवर झोप येऊ नये म्हणूनच तो खायचो. शेवटी रात्री २ ते ५ गाडी उभी राहील, असं मालकाला तोंडावर सांगितलं. तीन महिने फेऱ्या कमी मिळाल्या, घरात ओढाताण झाली, पण खर्रा सुटला. तुमच्या घराला हे झेपेल का, ते एकदा बसून बोला.

राज्याच्या आरोग्य विभागाच्या सरकारी दवाखान्यात १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि औषधं मोफत आहेत. ओपीडी सकाळची असते, म्हणून महिन्याच्या गोळ्या एकदम मागून घ्या. डोळ्याचा पडदा वर्षातून एकदा तपासून घ्या.

आणि आज टाचेला खोल भेग, फोड किंवा काळा डाग दिसला, तर उद्याच्या फेरीला पाठवू नका. आधी दवाखाना.