आई खात नाही, मग आम्ही नुसतं बघत बसायचं का?

आजाराच्या अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांची मुलं माझ्याकडे येतात, तेव्हा मरणाबद्दल क्वचितच विचारतात. बहुतेकांची काळजी जेवणाची असते. पन्नाशीतली एक मुलगी अशीच आली होती (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). आईचा कॅन्सर यकृतात पसरलेला, केमो थांबवलेली. आई दोन चमच्यांवर काही घेईना आणि ही सारखी वाटी घेऊन समोर. आई तोंड फिरवायची, मग चिडाचीड, मग दोघींचं रडणं.

"सलाइन तरी लावू या म्हणते, तर भाऊ नको म्हणतो. आम्ही आईला उपाशी मारतोय का हो?"

मी म्हटलं, "आई खात नाही म्हणून खंगत नाहीये. आजारानं शरीर आवरतं घेतलंय, म्हणून तिची अन्नावरची वासना उडालीय." कॅन्सर इतका पसरला की अन्न पोटात गेलं तरी अंगी लागत नाही. भूकच मरते, त्यामुळे उपाशीपोटी आपले जसे हाल होतात तसे तिचे बहुधा होत नसतात. बळेबळे भरवलं तर मळमळ, उलटी. गिळण्याची ताकद गेली असेल तर घास श्वासनलिकेत जायची भीती. सलाइनचं पाणीही शेवटच्या दिवसांत शरीराला पेलत नाही. सूज येते, छातीतली घरघर वाढू शकते. काही वेळा त्याचा उपयोग होतो, म्हणून तो निर्णय भावाबहिणीनं भांडून घेण्यापेक्षा डॉक्टरांसमोर बसून घ्यावा.

तिला हे कळत होतं, पण वळत नव्हतं. भरवणं सोडलं तर आईसाठी करायला उरतं काय, हा तिचा खरा धसका. खूप उरतं! कोरड्या तोंडाचा त्रास फार होतो. ओल्या मऊ स्पंजनं तोंड पुसावं, ओठांना मलम लावावं. मागेल तेव्हा मागेल तेवढंच द्यावं. कूस बदलून द्यावी, पाय चेपावेत.

"आईला काय हवंय, हे तिला विचारलंत?" यावर ती गप्प झाली. घरी जाऊन तिनं विचारलं. आई म्हणाली, "वाटी बाहेर ठेव आणि नुसती बस माझ्याजवळ."

त्या बसण्यातच कळलं, की आई दुखणं लपवत होती. तीव्र दुखण्यावरचं औषध, मॉर्फिन, सुरू केलं म्हणजे सगळं संपलं, असं घरात सगळ्यांनी धरलं होतं. ही समजूत मला फार सलते, कारण तिच्यापायी माणसं विनाकारण कळा सोसतात. डॉक्टरांनी बेतानं वाढवत नेलेल्या मॉर्फिननं मरण जवळ येत नाही. सुरुवातीची गुंगी बहुतेकांची काही दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठता मात्र जवळजवळ ठरलेली, तेव्हा पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासूनच मागून घ्यावं. या आईचा डोस नीट बसल्यावर ती रात्री झोपू लागली, आणि तिची मुलगीही.